वटार फूड्सचं चालू खातं

१८ ऑगस्ट २००१, शनिवार

कंपनीच्या नोंदणीचा कागद आज हातात आला. वटार फूड्स प्रायव्हेट लिमिटेड. संचालक तीन: मी, व्हिन्सेंट तुस्कानो आणि त्याची बायको मटिल्डा. माल, केळ्यांचे वेफर्स. वटारला व्हिन्सेंटची वाडी आहे, वाडीत पत्र्याची शेड आहे, शेडमध्ये चार कढया. केळी त्यांची, तळण मटिल्डाचं, डोकं माझं. हे मी जयवंतीला ऐकवलं तर ती म्हणाली, "डोकं तळून विकता येत नाही." घरात शिकवण्या घेऊन घेऊन तिला प्रत्येक वाक्य तपासायची खोड लागली आहे.

आता पहिलं काम, कंपनीचं चालू खातं. ते माझ्याकडे हे कोणी ठरवायचीही गरज पडली नाही. चोवीस वर्षं बँकेत काढली आहेत. मार्चमध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली. 'स्वेच्छा' या शब्दाला जयवंती हल्ली गालात हसते.

व्हिन्सेंट म्हणाला, "साहेब, तुमचीच बँक आहे की वसईत. तिथंच उघडू. ओळखीची माणसं." मी बघू म्हटलं. तिथे आता मॅनेजर कोण बसतो हे त्याला ठाऊक नाही.

२१ ऑगस्ट, मंगळवार

स्टेशनजवळ नवी खासगी बँक झाली आहे तिथे जाऊन आलो. आत इतकं थंड की शिंका आल्या. टाय लावलेल्या पोराने विचारलं, "अंकल, टर्नओव्हर काय असेल?" मी त्याला चालू खात्यावरच्या व्याजाचा नियम विचारला. त्याने कोणाला तरी फोन लावला. ज्याला आपल्याच खात्याची माहिती फोनवरून घ्यावी लागते, त्याच्याकडे मी खातं उघडणार नाही. शिवाय किमान शिल्लक अशी की नुसती ठेवून आम्ही उपाशी मरावं.

मटिल्डाने तिच्या लोकांच्या बँकेचं नाव काढलं. नको म्हटलं. तिथे शिपायापासून चेअरमनपर्यंत सगळे तिचे मामा-काका. मी माझ्याच कंपनीत पाहुणा व्हायचो.

२४ ऑगस्ट, शुक्रवार

व्हिन्सेंट ऐकेना, म्हणून त्याला घेऊन गेलो शेवटी जुन्या बँकेत.

केबिनमध्ये सुमेध तांबे. एकोणनव्वद साली माझ्या हाताखाली क्लार्क म्हणून लागला. व्हाउचर कसं शिवायचं ते मी शिकवलं. आज दारावर त्याच्या नावाची पितळी पाटी. यांच्या जागा ठरलेल्या असतात, त्या कोणाला तरी देऊन भरायच्या असतात. मी जातपात मानत नाही, कधीच मानली नाही. पण मुलाखतीत मला जे प्रश्न विचारले तेच त्यालाही विचारले होते का, एवढंच मला कोणीतरी सांगावं. तो माझा वरिष्ठ म्हणून येणार हे ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी मी निवृत्तीचा अर्ज भरला. लोकांनी त्याचा भलता अर्थ काढला.

तांबेने चहा मागवला. मी म्हटलं, उपास आहे.

"हरकत नाही," तो म्हणाला. "माझ्या टेबलावर तुम्ही पूर्वीही कधी घेतला नव्हता."

आवाज अगदी सरळ. व्हिन्सेंटला काही कळलं नाही, त्याने माझा कपही संपवला.

मग कामाचं. तांबे म्हणाला, "कंपनीचा ठराव आणा. चेकवर दोन सह्या ठेवा, तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या. ओव्हरड्राफ्टचं सहा महिने व्यवहार बघून ठरवू."

सहा महिने बघणार. मला. मी म्हटलं, "तांबे, ओव्हरड्राफ्टची नोट लिहायला तुला कोणी शिकवलं?"

"तुम्हीच, सर. म्हणून तर म्हणतो, सहा महिने."

बाहेर पडल्यावर व्हिन्सेंट म्हणाला, "माणूस बरा वाटला." मी रिक्षा केली आणि एकटाच घरी आलो.

३० ऑगस्ट, गुरुवार

आज मात्र बरं वाटलं.

किनारादीप नागरी सहकारी बँकेचे संचालक अल्पेशभाई यांचा स्वतःहून फोन आला. इमारती बांधतात, विरारकडे बरीच कामं चालू आहेत. न्यायला गाडी पाठवली. मुख्य कार्यालयात नवे सोफे, संगमरवरी जिना, लिफ्टमध्ये आरसा. अल्पेशभाई स्वतः लिफ्टपाशी येऊन उभे.

"साहेब, तुमच्यासारखा माणूस घरी बसून केळी तळतो? आमाला लाज वाटते."

म्हटलं, केळी मी तळत नाही. हसले. म्हणाले, बँकेच्या संचालक मंडळावर बँकिंग जाणणारा माणूस घ्यावा लागतो, रिझर्व्ह बँक पाठीमागे लागली आहे. पुढच्या सभेत तज्ज्ञ संचालक म्हणून माझं नाव ठेवतील. चालू खात्याला माझी एकट्याची सही पुरेल. ओव्हरड्राफ्ट पहिल्या दिवसापासून. फक्त कंपनीची मुख्य रक्कम मुदत ठेवीत त्यांच्याकडे राहावी. व्याज बारा टक्के. आमच्या बँकेत साडेआठ देतात आणि वर उपकार केल्यासारखं बघतात.

मी जुना माणूस, सहज म्हणून कर्जाचे आकडे विचारले. मोठे कर्जदार तीन-चारच आहेत आणि सगळे अल्पेशभाईंच्या नात्यातले नाहीतर भागीदारीतले. म्हणजे वसुलीची कटकट नाही. घरचाच मामला. आम्ही अनोळखी लोकांना कर्ज देऊन त्यांच्या दारात खेटे घालत होतो.

२ सप्टेंबर, रविवार

वटारला सभा. ते दोघे मिसा आटपून आले, अंगावर चर्चचे कपडे. सभा म्हणजे शेडमधल्या केळीच्या घडांमध्ये तीन खुर्च्या.

मी किनारादीपचं सगळं मांडलं. मटिल्डा ऐकत होती. मग म्हणाली, "एकच सही का?"

"कामाला वेग येतो."

"पण तुमचीच का?"

"कारण मला त्यातलं कळतं."

"पैसे जास्ती आमचे आहेत, खांबेटेसाहेब. वाडीची रस्त्याकडची पट्टी विकली आमी. तुमी आजारी पडलात, गावाला गेलात, मग आमी काय करायचं? बायांचा पगार दर शनिवारी असतो."

मी म्हटलं, "मटिल्डाबाई, मी पळून जाईन असं वाटतं का?"

"ते मी बोलले नाय. तुमी बोललात."

मग ती नवऱ्याशी त्यांच्या बोलीत बोलायला लागली. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही आणि हे त्यांना पक्कं माहीत आहे. माझ्यासमोर माझ्याबद्दल. दोघांचे आवाज चढले, उतरले. शेवटी व्हिन्सेंट मराठीत म्हणाला, "मटिल्डा, साहेबांनी जन्म बँकेत काढला. आपण केळीत काढला. केळीचं ते आपल्याला सांगत नाहीत."

ठराव मंजूर. मटिल्डाने सही करताना पेन इतकं दाबलं की कागद फाटला. दुसऱ्या कागदावर करावी लागली.

११ सप्टेंबर, मंगळवार

खातं उघडलं. व्हिन्सेंटची पट्टीची रक्कम आणि माझे निवृत्तीचे पैसे, दोन्ही किनारादीपमध्ये ठेव म्हणून ठेवले. पाऊच भरायच्या यंत्राची किंमत त्यातूनच द्यायची आहे, डिसेंबरमध्ये यंत्र आलं की. अल्पेशभाईंनी पेढे मागवले. रात्री टीव्हीवर अमेरिकेत इमारती कोसळताना दाखवत होते. जयवंती उठेचना त्याच्यासमोरून.

२२ सप्टेंबर, शनिवार

डोकं उठलं आहे.

मी पिशव्यांच्या छपाईसाठी बाहेर होतो, तेवढ्यात तांबेचा घरी फोन. तोही जयवंतीला. "वहिनी, सरांना सांगा, चालू खातं कुठंही असू दे, पण मोठी रक्कम किनारादीपला ठेवू नका." एवढंच बोलून ठेवला म्हणे.

मी लगेच शाखेत फोन लावला.

"तांबे, माझ्या बायकोला फोन करायचं कारण?"

"तुम्ही घरी नव्हता."

"किनारादीपबद्दल तुला काय माहीत आहे?"

त्याने कोणाला तरी केबिनचं दार लावून घ्यायला सांगितलं. मग म्हणाला, "बँकेतल्या माणसाने दुसऱ्या बँकेबद्दल बोलायचं नसतं, हे तुम्हीच शिकवलंत. मी काही बोललो नाही असं समजा."

"सप्टेंबरअखेर आली. ठेवी कमी पडल्यात तुझ्या. सरळ सांग की."

"बरं," म्हणाला, आणि फोन ठेवला. ठेवला. माझ्यावर.

खातं गेलं म्हणून जळतो आहे, दुसरं काय. जयवंतीला सांगितलं, तुझी शिकवण्यांची जी ठेव त्याच्या शाखेत आहे ती सोमवारी जाऊन मोडून आण आणि किनारादीपला ठेव. पै ठेवायची नाही त्याच्याकडे. ती म्हणाली, "बरं." आज सगळ्यांना बरंच आहे.

२० ऑक्टोबर, शनिवार

माल उचलला जातो आहे. दादरचे दोन दुकानदार, बोरिवलीचा एक. दिवाळीची मागणी पुरी करताना शेडमधल्या बायका बसायचं नाव घेत नाहीत. चव मटिल्डाच्या हातची आहे हे मान्य करावं लागेल. तिच्या तोंडावर करणार नाही.

शनिवारचा पगार द्यायला गेलो तर बेटी नावाची जी सगळ्या बायकांची पुढारी आहे ती म्हणाली, "साहेब, पैसे मटिल्डाकडं द्या, ती वाटते." मी म्हटलं, सही माझी आहे, वाटणार मी. मग एकेकीला नाव विचारून पैसे दिले. कोणी आभार मानले नाहीत. इतके दिवस येतो आहे, नावं अजून विचारावी लागतात, म्हणून बेटी तोंड फिरवून हसली.

२० नोव्हेंबर, मंगळवार

किनारादीपच्या सभेत माझं नाव आलं नाही. अल्पेशभाई म्हणाले, तांत्रिक अडचण आहे, जानेवारीत नक्की. दिवाळीला सुक्या मेव्याचा डबा पाठवला होता. डबा चांदीचा वाटला, घासल्यावर पितळ निघालं. जयवंतीने त्यात पिना ठेवल्या.

बँकेत गर्दी वाढली आहे. लोक ठेवी मोडायला येतात. अफवांचा बाजार, सहकारी बँकांबद्दल पेपरवाले हल्ली काहीही छापतात. मी काउंटरपाशी उभा राहून दोघा-चौघांना समजावलं. एक म्हातारा खोत म्हणाला, "तुम्ही बँकेतले होतात ना, मग ठीक." पावती खिशात घालून परत गेला. अल्पेशभाईंनी केबिनच्या काचेतून पाहिलं आणि हात जोडले.

१८ डिसेंबर, मंगळवार

किनारादीपच्या दाराला कागद चिकटवला आहे. रिझर्व्ह बँकेचा आदेश, कलम ३५-अ. प्रत्येक ठेवीदाराला एकूण एक हजार रुपये. पुढील आदेशापर्यंत.

मी तो तीनदा वाचला. असे आदेश मी फायलीला लावलेले आहेत. लोक रडायचे तेव्हा त्यांना पाण्याचा ग्लास द्यायला शिपायाला सांगायचो.

अल्पेशभाईंचा फोन कोणी उचलत नाही. पोलिसांनी जिन्यावर दोरी बांधली आहे. खोत म्हातारा फूटपाथवर बसला होता. मला बघितलं त्याने. उठला नाही, नुसता बघत राहिला. मी पलीकडून गेलो.

१९ डिसेंबर, बुधवार

वटारला जावंच लागलं. यंत्रवाला पैसे मागतो आहे, तेलवाला दारात उभा, आणि शनिवारी नाताळचा पगार.

व्हिन्सेंट कोपऱ्यात पिंपावर बसला होता. मी सगळं समजावून सांगितलं. आदेश म्हणजे काय, विमा किती, एकत्रीकरण होऊ शकतं, दुसरी बँक घेऊ शकते. मी बोलतच होतो. मटिल्डा कढईपाशी पाठमोरी. वळली नाही, तशीच म्हणाली, "तुमी बँकेत होतात म्हणून आमी गप्प बसलो. नायतर आमाला बी कळत होतं. तो अल्पेशभाई आमच्याच गावात तिघांच्या जमिनी खाऊन गेला. तुमाला विचारायचं होतं आमाला. तुमी विचारूच देईनात."

"मला सांगायचं होतंत स्पष्ट."

"सांगत होते. दोन सह्या सांगत होते."

व्हिन्सेंट तेव्हा पहिल्यांदा बोलला. "ती पट्टी माझ्या बापाने भरणी टाकून केली होती, साहेब. खाडीची माती डोक्यावरून. आता तिथं रस्ता झालाय. असू दे, रस्ता निदान दिसतो तरी."

बेटी आणि बाकीच्या बायकांनी हात थांबवले होते. मी बाहेर आलो. कोणी 'बसा' म्हटलं नाही, 'जा'ही म्हटलं नाही. राजोडीहून येणारी एसटी बराच वेळ आली नाही.

२१ डिसेंबर, शुक्रवार

जेवताना मी जयवंतीला म्हटलं, "तुझेही गेले."

ती म्हणाली, "माझे आहेत."

"कुठे?"

"होते तिथंच. तांबेंच्या शाखेत. मी मोडले नव्हते."

मी ताट सारलं. "मी तुला मोडून आण म्हटलं होतं."

"हो. आण म्हटलं होतंत. मोडशील का, असं मला कुठं विचारलंत?"

"आणि तांबेचं ऐकलंस? त्या माणसाचं?"

तिने भात वाढून घेतला. म्हणाली, "त्याला घाबरायचं काही कारण नव्हतं, तरी त्याचा आवाज घाबरलेला होता. ऐकू आलं मला. तुम्ही फोनवर ओरडत होतात, तुम्हाला कसं ऐकू येणार?"

तीन महिने माझ्याच घरात माझ्याविरुद्ध. मी बाल्कनीत जाऊन बसलो. आत तिने भांडी घासली, दिवा बंद केला आणि झोपली.

२२ डिसेंबर, शनिवार

जयवंतीने सकाळी बँकेत जाऊन ठेव मोडली. मग रिक्षा करून वटारला गेली. मला म्हणाली नाही, चला म्हणून. पगार तिने मटिल्डाच्या हातात दिला. नावं विचारावी लागली नाहीत, कारण वाटला मटिल्डाने.

रात्री आली तेव्हा अंगाला तळणाचा वास. डब्यातून गोड काहीतरी दिलं होतं त्यांनी. मी खाल्लं नाही.

४ जानेवारी २००२, शुक्रवार

व्हिन्सेंट घरी आला, खुर्चीच्या टोकावर बसला. टोपी हातात.

"साहेब, सांगायला मलाच पाठवलंय. कंपनी बंद करायची नाही. दादरवाला अजून माल मागतो. यंत्राशिवाय करू, हाताने पिशव्या बांधू. पण नवं खातं पायजे. आणि सही..."

"बोल."

"मटिल्डा आणि जयवंतीवहिनी. दोघींची. तुमच्या जागी वहिनी संचालक."

जयवंती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणजे तिला माहीत होतं. मी तिला विचारलं, "तुला वेफर्समधलं काय कळतं?"

"काही नाही," ती म्हणाली. "म्हणून मी मटिल्डाला विचारेन."

मी व्हिन्सेंटला म्हटलं, मी नाही सही केली तर? तो म्हणाला, "मग नाय होणार. एवढं तुमच्या हातात आहे." आणि टोपीकडे बघत राहिला. धमकी दिली असती तर बरं झालं असतं, मग मला भांडता आलं असतं.

राजीनामा लिहून दिला. दोन ओळींचा. एवढ्या चांगल्या अक्षरात मी कित्येक वर्षांत लिहिलं नव्हतं.

१६ जानेवारी, बुधवार

खातं तांबेच्या शाखेतच उघडायचं ठरलं. तेही त्या दोघींनीच. मला नेलं ते ओळखदार म्हणून. नव्या खात्याला जुना खातेदार ओळखदार लागतो, आणि माझी पेन्शन तिथे जमा होते.

बाकावर बसवलं. माझ्या आधी दोघे होते, ते गेल्यावरच शिपायाने हाक मारली. पूर्वी हा शिपाई मला बघून उठायचा. आज उठला, पण अर्धाच.

केबिनमध्ये दोघी खुर्च्यांवर. तिसरी खुर्ची भिंतीशी होती ती मी ओढून घेतली. तांबेने कागद एकेक करून तपासले. ठराव, राजीनामा, फोटो. मटिल्डाला म्हणाला, "दोन सह्या?" ती म्हणाली, "दोन." त्याने मान हलवली आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

मी म्हटलं, "तुला आनंद झाला असेल."

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "झाला असता. पण तुमच्याबरोबर तुस्कानोंचंही गेलं, त्यामुळे नीट होता आला नाही."

मटिल्डा खिडकीबाहेर बघत होती. मी सही केली.

तांबेने नमुना सहीचं कार्ड मागवलं. माझं जुनं कार्ड. दोन्ही सह्या शेजारी ठेवून पाहिल्या आणि म्हणाला, "जुळत नाही, सर. पुन्हा करा."

पुन्हा केली. माझा 'ख' खाली घसरला. तो म्हणाला, "घाई नाही." तिसऱ्यांदा जमली. त्याने शिक्का उचलला आणि परत ठेवला. "ही जागा रिकामी राहिली." बोट ठेवलं होतं तिथे छापलेलं होतं: अर्जदारास किती वर्षांपासून ओळखता.

वर नावं दोन. मटिल्डा तुस्कानोपुढे मी 'एक' लिहिलं. जयवंती खांबेटेपुढे पेन थांबलं. लग्न एकोणऐंशीचं. हिशेब सोपा आहे, मी आयुष्यभर हिशेब केले. तांबे थांबला होता. जयवंती माझ्या हाताकडे बघत होती, बघते तशीच, विद्यार्थ्याच्या वहीकडे बघावं तशी.

मी 'बावीस' लिहिलं. तिने ते वाचलं आणि पेनाचं टोपण माझ्यापुढे सरकवलं.

शिक्का मारून झाला. येताना रिक्षात ती आणि मटिल्डा तेलाच्या भावाबद्दल बोलत होत्या. मी पुढे, ड्रायव्हरशेजारी बसलो होतो.